पूरकाळातील बिनतारी संपर्क (नाशिक)

पूर, वादळ किंवा वीज पडण्याच्या प्रसंगी मोबाइल, पोलिस वायरलेस आणि हौशी रेडिओ चालू राहावेत यासाठीची पूर्वतयारी व कार्यपद्धती. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की नाशिककर गोदापात्रातील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतात. पाणी कमरेला की छातीला, त्यावर काठचे दुकानदार माल हलवतात. मोबाइलच्या जाळ्याला असे मोजमाप नाही. टॉवरची बॅटरी संपेपर्यंत फोनवर पूर्ण रेंज दिसते, मग एकदम काहीच नाही.

पुरात टॉवर क्वचितच कोसळतो. आधी वीज जाते. पाणी शिरलेल्या भागात तर अपघात टाळण्यासाठी ती मुद्दाम बंद करतात. टॉवरची यंत्रणा ४८ व्होल्ट डीसीवर चालते. २ किलोवॅट भाराला सुमारे ४० अँपिअर लागतात, म्हणजे ६०० अँपिअर-तासांची बॅटरी ८० टक्के वापरली तर १२ तास मिळतात. हा हिशेब नव्या बॅटरीचा. उन्हाळे सोसलेली बॅटरी निम्म्यावर येते आणि ते ऐन पुरातच कळते. म्हणून मे महिन्यात मुख्य पुरवठा बंद करून ती प्रत्यक्ष भारावर चालवून पाहावी. नुसते व्होल्ट मोजून काही समजत नाही.

पुढे जनरेटर. तो सुरू न होण्याची कारणे साधी असतात: स्टार्टरची १२ व्होल्टची बॅटरी उतरलेली, टाकीच्या तळाशी पाणी, तुंबलेला फिल्टर. चौथरा जुन्या पूररेषेच्या वर हवा. चांदोरी-सायखेड्याकडे रस्तेच पाण्याखाली जातात, तेव्हा डिझेल विसर्ग वाढण्याआधी पोचलेले असावे.

वीज टिकली तरी टॉवरला मुख्य जाळ्याशी जोडणारा दुवा तुटू शकतो. पुलालगत नेलेली फायबर केबल पूर ओढून नेतो. पर्याय मायक्रोवेव्हचा, म्हणजे टॉवर ते टॉवर बिनतारी दुव्याचा, पण १० गिगाहर्ट्‌झच्या वरच्या लहरी मुसळधार पावसात क्षीण होतात, त्यामुळे इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात लांब टप्प्यावर भरवसा ठेवू नये. तिथे कातळामुळे अर्थिंगही अवघड. वळवाच्या विजा पडतात तेव्हा जमीन कोरडी आणि अर्थिंगचा रोध सर्वाधिक असतो, म्हणून तो पावसाळ्यात नव्हे, उन्हाळ्यात मोजावा.

जाळे शाबूत असले तरी सगळे एकाच वेळी फोन लावतात आणि ते तुंबते. अशा वेळी छोटा संदेश पाठवावा. तो रांगेत थांबून उशिरा का होईना पोचतो. सेल ब्रॉडकास्टची सूचना टॉवरच्या कक्षेतील फोनवर एकदमच जाते, तिला गर्दीचा अडथळा नाही. दूरसंचार विभागाने आपत्तीत आंतर-कंपनी रोमिंग सुरू केले, तर दुसऱ्या कंपनीच्या चालू टॉवरवरून फोन लागतो.

मोबाइल गेला की व्हीएचएफ (अतिउच्च वारंवारतेची) वॉकीटॉकी. पाच वॅटचा संच सपाटीवर चालतो, पण मध्ये डोंगर आला की आवाज तुटतो. पेठ-सुरगाण्याकडे उंचावर रिपीटर (संदेश पकडून पुढे पाठवणारे यंत्र) नसेल तर हा संच निरुपयोगी. तिथे परवानाधारक हौशी रेडिओचालकांचा ७ मेगाहर्ट्‌झ पट्टा कामी येतो. अँटेना म्हणून दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर तार, जमिनीपासून तीन-चार मीटर उंच. लहरी जवळपास सरळ वर जाऊन परततात आणि दिवसा डोंगरापलीकडच्या गावांशी बोलता येते. रात्री हा जवळचा संपर्क तुटू शकतो. १०० वॅटचा संच बोलताना सुमारे २० अँपिअर खातो, त्यामुळे शक्ती २० वॅटवर आणून निरोप आधी कागदावर लिहावा: वेळ, गाव, माणसे किती, काय हवे. ऐकणाऱ्याने तो परत वाचून दाखवल्याशिवाय पोचला असे धरू नये.