पार्श्वभूमी: गावाचा नकाशा, राज्याचा आराखडा आणि कलम १७(२)

गोव्यात गावाला स्वतःचा, कायद्याने बांधील असा जमीनवापर आराखडा नाही. राज्यभरासाठी एकच प्रादेशिक आराखडा आहे आणि शहरी पट्ट्यांसाठी ओडीपी, म्हणजे बाह्य विकास आराखडे. गावाने काही रेखाटले तर ते या मोठ्या आराखड्यात उतरले तरच त्याला किंमत. झोनबदलावरून, म्हणजे आराखड्यात जमिनीला ठरवून दिलेला वापर बदलण्यावरून, ग्रामसभांत आज जी खडाजंगी होते, तिचे मूळ या रचनेत आहे.

गावकरीच्या, म्हणजे गावाच्या सामूहिक जमीनव्यवस्थेच्या, काळात शेत, बांध, मानस (पाण्याची दारे) यांची व्यवस्था गाव स्वतः पाहत असे. मुक्तीनंतर १९७४ चा नगर व ग्राम नियोजन कायदा आला, १९८६ मध्ये पहिला प्रादेशिक आराखडा. दोन्हींत गावाची भूमिका हरकत नोंदवण्यापुरती.

ऑगस्ट २००६ मध्ये '२०११ चा आराखडा' (नावातले साल उद्दिष्टाचे) अधिसूचित झाला. डोंगरउतार आणि बागायती वसाहत क्षेत्रात (सेटलमेंट, म्हणजे बांधकामाच्या झोनमध्ये) गेल्याचे नकाशे उलगडल्यावर लोकांच्या ध्यानात आले. आंदोलन पेटले आणि जानेवारी २००७ मध्ये आराखडा मागे घेण्याची घोषणा करावी लागली. मग नवे कृती दल बसले. २००८ मध्ये मसुदा आल्यावर गावोगावचे नकाशे पंचायतींकडे गेले. ग्रामसभांनी समित्या नेमल्या. झरी, तळी, देवराया, खाजने (खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल जमिनी) कुठे आहेत हे गावच्याच माणसांनी दाखवायचे होते. सगळीकडे सारख्या तळमळीने हे झाले नाही. तरी राज्याच्या नियोजनाची सुरुवात गावातून व्हावी, असा एवढा प्रयत्न त्याआधी झाला नव्हता. त्यातून आलेला '२०२१ चा आराखडा' २०११ पर्यंत तालुकावार अधिसूचित झाला. गावांचे व्हीपी-१ आणि व्हीपी-२ असे वर्ग पडले, पहिल्यात एफएआर (भूखंडाच्या प्रमाणात परवानगी असलेले बांधकाम) ८० टक्के तर दुसऱ्यात ६०. पर्यावरणदृष्ट्या जपायच्या जमिनींच्या वर्गांत भातशेती व खाजने इको-१ मध्ये गेली, बागायती इको-२ मध्ये. २०१२ मध्ये सत्तांतर होताच आराखडा स्थगित झाला आणि वर्षानुवर्षे तसाच लोंबकळत राहिला.

समित्यांनी दिलेल्या सूचनांना स्वतंत्र कायदेशीर दर्जा कधीच मिळाला नाही. घर बांधायचे तर परवाना पंचायत देते. पण त्याआधी नगरनियोजन खात्याची तांत्रिक मंजुरी लागते, आणि खाते पाहते ते आराखड्यातला झोन. जमीन बिगरशेती करण्याची सनद महसूल खात्याकडून. एक-चौदाच्या उताऱ्यावर (जमिनीच्या महसुली नोंदीवर) 'भातशेती' दिसत असेल आणि झोनच्या दाखल्यावर 'सेटलमेंट', तर ग्रामसभेच्या ठरावाने फारसे काही अडत नाही.

म्हणूनच झोन कोण आणि कसा बदलतो, हा प्रश्न एवढा तापला. २०१८ मध्ये नगर व ग्राम नियोजन कायद्यात कलम १६ब आले आणि मालकाला आपल्या जमिनीचा झोन बदलून मागण्याची वाट मिळाली. तिला न्यायालयात आव्हान मिळाले. २०२३ मध्ये कलम १७(२) घालण्यात आले. त्याचे शब्द वरवर निरुपद्रवी: आराखड्यात 'अनवधानाने' राहिलेली चूक किंवा विसंगत झोनिंग दुरुस्त करणे. चूक दुरुस्त करायला कोण नको म्हणेल? मुद्दा असा, की चूक ठरवायची कशाच्या आधारे? गावाच्या समितीने मुद्दाम भातशेती म्हणून दाखवलेला तुकडा मालकाच्या अर्जात 'चूक' ठरू शकतो. सर्वसाधारण फेरबदलाला मसुदा प्रसिद्ध करून हरकती मागवाव्या लागतात. इथे एकेक सर्वे नंबर, त्याचाही एखादा पोटभाग, वेगळा काढून बदलता येऊ लागला. शेजाऱ्याला कळायचे ते राजपत्र वाचले तर! माझ्या मते गोव्याच्या नियोजनातली ही सर्वांत निसरडी तरतूद.

समर्थकांचेही म्हणणे आहे. २०२१ च्या नकाशांत जुनी घरे शेतजमिनीत दाखवली गेली, रस्त्यालगतचे तुकडे विनाकारण अडकले, आणि आराखड्याचा पूर्ण फेरविचार होईपर्यंत लोकांनी थांबायचे तरी किती? तक्रार खोटी नाही. पण जुन्या घराखालची जागा मोकळी करणे वेगळे आणि एकरांनी बागायती वसाहतीत घालणे वेगळे.

मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने या कलमाखालचे नियम व मार्गदर्शक तत्त्वे रद्द केली. तोवर २०२४ मध्ये झोनबदलाचीच वाट देणारे कलम ३९अ कायद्यात आले होते. त्यात जनतेला सूचनांसाठी ३० दिवस मिळतात, म्हणजे १७(२) पेक्षा दार थोडे उघडे. ग्रामसभांच्या विरोधाच्या ठरावांचा रोख आता या कलमाकडे वळला आहे. मात्र यातही निर्णय राज्य पातळीवरच होतो आणि ग्रामसभेची संमती लागत नाही.