कोडनं फोटो फिरवला की 'फाटतो'? नाही

आर्वी-दारव्ह्याकडे जावा ही प्रोग्रामिंगची भाषा शिकणाऱ्या पोरांत एक समज घट्ट बसलाय: कोडनं फोटो फिरवला की तो फाटतो, म्हणजे त्याचा दर्जा बिघडतो, आणि दर वेळी थोडा जास्तच.

पऱ्हाटीच्या बोंडाचा ४०००×३००० पिक्सेलचा फोटो घ्या. तो उजवीकडे ९० अंश फिरवायचा म्हणजे वरची पहिली ओळ उचलून शेवटचा उभा रकाना करायचा, दुसरी त्याच्या आत, असं करत जायचं. एकही पिक्सेल नवा बनत नाही, एकही हरवत नाही. असा चार वेळा फिरवा, मूळ फोटो जसाच्या तसा परत.

मग बिघडतो कुठं? सेव्ह करताना. जेपेग या फाईल-प्रकारात फोटो दर वेळी नव्यानं दाबला जातो, म्हणजे थोडी माहिती टाकून फाईल लहान केली जाते, आणि जावाचं इमेजआयओ (फोटो वाचायचं-सेव्ह करायचं साधन) काही सांगितलं नाही तर १ पैकी ०.७५ दर्जा धरतं. पीएनजी या प्रकारात ठेवा, तिथं काहीच टाकलं जात नाही, ही भानगडच नाही.

७ अंशांसारखा तिरपा कोन असेल तर मात्र शेजारच्या पिक्सेलांवरून नवे रंग काढावे लागतात, थोडा धूसरपणा येतोच. कोपरे कापले जातात ते कॅनव्हास, म्हणजे फोटो काढायची चौकट, जुन्याच मापाचा ठेवल्यानं. ४५ अंशांना हाच फोटो साधारण ४९५०×४९५० जागा मागतो.

मोबाईलचा उभा फोटो प्रोग्राममध्ये आडवा दिसतो, त्याचंही खापर कोडवरच! मोबाईल बहुधा पिक्सेल फिरवतच नाही, फाईलमध्ये नुसती एक्झिफ नोंद करतो, म्हणजे फोटो कसा फिरवून दाखवायचा याचा आकडा लिहून ठेवतो. नोंद ६ असेल तर दाखवताना उजवीकडे ९० अंश. इमेजआयओ ती पाळत नाही, आपणच वाचायची. मग ॲफाईनट्रान्सफॉर्म या जावातल्या फिरवण्याच्या साधनाला कोन द्या, पण अंशांत नाही, रेडियन या कोनाच्या दुसऱ्या मापात. नुसतं ९० लिहिलं तर फोटो भलतीकडेच कलंडेल.