अर्धायुकाल मोठा म्हणजे धोका मोठा?

‘त्याचा अर्धायुकाल अब्जावधी वर्षांचा आहे, म्हणजे केवढा भयंकर!’ किरणोत्सर्गाचा विषय निघाला की हे हमखास ऐकू येतं. प्रत्यक्षात हिशोब उलटा आहे.

अर्धायुकाल म्हणजे निम्मे अणू फुटायला लागणारा वेळ. तो जितका मोठा, तितके दर सेकंदाला फुटणारे अणू कमी. युरेनियम-२३८चा अर्धायुकाल सुमारे ४४७ कोटी वर्षं. त्याच्या एका ग्रॅममध्ये सेकंदाला जेमतेम १२ हजार अणू फुटतात. आयोडीन-१३१चा अर्धायुकाल अवघा ८ दिवसांचा, आणि तेवढ्याच ग्रॅममध्ये सेकंदाला सुमारे ४६ कोटी कोटी! शिवाय शरीरात गेलं की ते थेट थायरॉइडमध्ये साठतं. बिस्मथ-२०९ तर इतकं सावकाश क्षय पावतं की २००३ सालापर्यंत ते पूर्ण स्थिर मानलं जायचं. पोटाच्या औषधांतही बिस्मथ असतं.

याचा अर्थ युरेनियम निरुपद्रवी, असा मात्र नाही. मूत्रपिंडाला ते रासायनिक विष म्हणूनच बाधतं. खरी डोकेदुखी मधल्या टप्प्यातल्यांची. सीझियम-१३७चा अर्धायुकाल ३० वर्षांचा: मारा तीव्र, आणि मुक्काम पिढ्यान्‌पिढ्या. म्हणून नुसता अर्धायुकाल ऐकून घाबरू नका. पदार्थ किती आहे, कोणते किरण टाकतो आणि शरीरात कुठे जाऊन बसतो, हे आधी विचारा.