राग आणि अतिरेकाचे इंग्रजी वाक्प्रचार

इंग्रजीत माणूस चिडला की त्याचं काय काय होतं बघा, त्याची वाफ निघते, फ्यूज उडतो, गॅस्केट फाटतं, कुऱ्हाडीचं पातं दांड्यातून निसटतं आणि अगदीच हाताबाहेर गेलं तर तो क्षेपणास्त्रासारखा सुटतो म्हणजे 'गो बॅलिस्टिक'. थोडक्यात, ज्या काळात लोकांच्या हातात जी वस्तू होती ती रागाच्या कामाला लावली, आणि वस्तू गेली तरी वाक्प्रचार राहिला.

सगळ्यात जुना थर शरीराचा. प्राचीन ग्रीक वैद्य गॅलेनच्या वैद्यकात रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त असे चार रस मानायचे, पिवळं पित्त जास्त झालेला तो तापट, त्यावरून इंग्रजीत 'कॉलरिक' आला. आपलंही पित्त खवळतं, ते आयुर्वेदातलं, पण पित्त आणि रागाची जोडी दोन्हीकडे आहे ही गंमतच. 'व्हेंट युअर स्प्लीन' (मनातला राग बाहेर काढणं) मध्ये मात्र राग प्लीहेत, म्हणजे पोटातल्या स्प्लीन या अवयवात साठतो, मराठीत ते खातं कोणी प्लीहेला दिलेलं नाही.

मग वाफेची इंजिनं आली. बॉयलरचा दाब वाढला की सेफ्टी व्हॉल्व्हमधून वाफ सोडायची, तेच 'लेट ऑफ स्टीम'. म्हणजे हा स्फोट नाही, स्फोट टाळायची सोय आहे, त्यामुळे 'तो भडकला' असं भाषांतर चुकतं, 'मनातली मळमळ काढली' जवळचं. जॉर्ज लॅकॉफ आणि झोल्तान कव्हेचेश या अभ्यासकांनी १९८७ मध्ये दाखवलं की अमेरिकन इंग्रजीत राग म्हणजे बंद भांड्यातला तापलेला द्रव, ही एकच कल्पना धरली तर उकळणं, वाफ, झाकण उडणं हे सगळं तिच्यातून निघतं. 'फ्लाय ऑफ द हँडल' वेगळं, ते उत्तर अमेरिकेतलं, १८४०च्या दशकात कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाचा लेखक हॅलिबर्टन याच्या लेखनात सापडतं. दांड्यात पातं नीट बसलं नसेल तर घाव घालताना ते उडणार आणि कोणाला लागेल सांगता येत नाही, राग तसाच.

'रीड द रायट अ‍ॅक्ट' चा, म्हणजे 'दंगलीचा कायदा वाचून दाखवणं' अर्थात कडक तंबी देणं याचा, किस्सा मला सगळ्यात भारी वाटतो कारण हा खरोखरचा कायदा होता आणि तो खरोखर वाचायचे. ब्रिटिश संसदेने १७१४ मध्ये केला, १ ऑगस्ट १७१५ पासून लागू. बारा किंवा जास्त लोक दंगा करत जमले की मॅजिस्ट्रेटने समोर उभं राहून ठरलेला मजकूर मोठ्याने वाचायचा, राजाचा हुकूम आहे, आपापल्या घरी किंवा कामाला जा वगैरे, त्यानंतर एक तास, आणि तासाभरानंतरही थांबलात तर मृत्युदंडाचा गुन्हा. विटा पडतायत आणि साहेब कागद वाचतायत असं दृश्य. शब्द जसेच्या तसे लागायचे, शेवटचं 'गॉड सेव्ह द किंग' राहून गेलं म्हणून शिक्षा रद्द झाल्याचंही उदाहरण आहे. कायदा १९७३ मध्ये रद्द झाला, पण आई मुलांना अजून रायट अ‍ॅक्ट वाचतेच. मराठीत 'खरडपट्टी काढली' म्हणतात पण त्यात पुढची धमकी येत नाही, 'शेवटची तंबी दिली' जास्त बसतं. भारतीय दंड संहितेत बेकायदा जमावाला पाच माणसं पुरायची, इंग्रजांनी तिकडे बारा धरली होती.

बेभान होण्याचे काही शब्द बाहेरून आलेत. 'रन अमोक' मधला शब्द मलाय भाषेतला, मूळ 'अमुक' (आपल्या अमुक-तमुकशी काही संबंध नाही), अचानक हत्यार घेऊन दिसेल त्याच्यावर धावत सुटणं. दुआर्ते बार्बोसा या पोर्तुगीजाने १६व्या शतकाच्या सुरुवातीला जावाच्या लोकांबद्दल हे लिहून ठेवलंय. पुढे १९९४ मध्ये अमेरिकन मनोविकार पुस्तिकेने एका संस्कृतीशी बांधलेला विकार म्हणून त्याची नोंद घेतली, आणि तिकडे इंग्रजीत मात्र बागेत पोरं सुटली तरी अमोकच. 'बर्सर्क' हे जुन्या नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियातल्या योद्ध्यांवरून, अस्वलाचं कातडं घातलेले की चिलखताशिवाय उघडे यावर वाद आहे. इंग्रजीत तो १९व्या शतकात, मुख्यतः कादंबरीकार वॉल्टर स्कॉटमुळे आला. 'गो पोस्टल' तर कालचं, २० ऑगस्ट १९८६ ला ओक्लाहोमातल्या एडमंडच्या पोस्टात एका कर्मचाऱ्याने १४ सहकाऱ्यांना गोळ्या घालून मारलं, पुढे तशाच आणखी घटना झाल्या आणि १९९३ पर्यंत हा शब्दप्रयोग छापून यायला लागला. हा विनोदाने वापरताना जरा जपून.

अतिरेकाचा 'ओव्हर द टॉप' पहिल्या महायुद्धातला, खंदकाच्या कडेवरून चढून समोरच्या मशीनगनवर जायचं. १ जुलै १९१६ ला फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत एका दिवसात ब्रिटिशांचे १९,२४० सैनिक मेले. आज भडक अ‍ॅक्टिंगला तोच शब्द लावतात. ओटीटीमधलं ओव्हर द टॉप पण हेच शब्द, अर्थ मात्र वेगळा, केबलवाल्याला वगळून थेट इंटरनेटवरून.

'पुल आउट ऑल द स्टॉप्स' (काही म्हणून राखून न ठेवता सगळा जोर लावणं) पेटी वाजवणाऱ्याला लगेच कळेल. चर्चच्या ऑर्गनचे सगळे स्टॉप, म्हणजे सूर चालू-बंद करायच्या खुंट्या, ओढले की सगळ्या नळ्या एकदम बोलतात. आणि 'गिल्ड द लिली' हे चक्क चुकून तयार झालंय. शेक्सपिअरच्या किंग जॉन नाटकात राजा दुसऱ्यांदा राज्याभिषेक करून घेतो तेव्हा एक सरदार वैतागून म्हणतो की हे म्हणजे शुद्ध सोन्याला सोन्याचा मुलामा आणि लिलीला रंग. लोकांनी दोन्ही एकत्र करून मुलामा लिलीलाच दिला. याचं भाषांतर काहीजण 'दुधात साखर' करतात, पण दुधात साखर आपल्याला हवी असते, त्या सरदाराला ती नको होती.