सोळानंतर बत्तीसच का?

‘१, २, ४, ८, १६, पुढची संख्या ओळखा.’ अशी कोडी बुद्धिमत्तेची कसोटी म्हणून सर्रास फिरतात आणि ३२ हेच उत्तर बरोबर धरलं जातं. आता वर्तुळावर बिंदू घ्या आणि प्रत्येक बिंदू इतर सगळ्यांशी जोडा. आत तीन रेषा एकाच ठिकाणी छेदू देऊ नका. १ ते ५ बिंदूंसाठी वर्तुळाचे नेमके १, २, ४, ८, १६ भाग पडतात. सहा बिंदूंना मात्र ३१ आणि सात बिंदूंना ५७.

इथे दुप्पट होण्याचा नियमच नाही, ही चौथ्या कोटीची बहुपदी (चलाच्या घातांना संख्यांनी गुणून केलेली बेरीज) आहे. कोटी म्हणजे चलाचा सर्वांत मोठा घातांक. पण सूत्र हाती नसतानाही ती शोधता येते, आणि ती रीत फार देखणी आहे. शेजारशेजारच्या संख्यांची वजाबाकी करत जा:

१, २, ४, ८, १६, ३१, ५७
१, २, ४, ८, १५, २६
१, २, ४, ७, ११
१, २, ३, ४
१, १, १

चौथ्या वजाबाकीला फरक स्थिर झाला, म्हणून कोटी ४. असं का होतं? (क्ष+१)³ उलगडलं की क्ष³ + ३क्ष² + ३क्ष + १ मिळतं. त्यातून क्ष³ वजा केला की कोटी एकाने उतरते आणि जुना घातांक ३ सहगुणक होऊन पुढे येतो. पुढच्या फेरीत त्याला २ ने गुणलं जातं, मग १ ने. म्हणून क्ष³ चा स्थिर फरक ६ आणि क्ष⁴ चा २४. आपल्याला १ मिळाला, म्हणजे क्ष⁴ चा सहगुणक (त्याला गुणणारी संख्या) १/२४. क्ष म्हणजे बिंदूंची संख्या धरली, तर पूर्ण सूत्र असं: (क्ष⁴ − ६क्ष³ + २३क्ष² − १८क्ष + २४) ÷ २४. तक्ता खालून वर नुसत्या बेरजांनी पुढे नेता येतो. एकोणिसाव्या शतकातला इंग्लिश गणितज्ञ चार्ल्स बॅबेज याचं फरकयंत्र, म्हणजे आकडेमोड करणारं यंत्र, याच तत्त्वावरचं. त्याच्या आराखड्यावरून लंडनच्या सायन्स म्युझियमने १९९१ मध्ये बांधलेलं यंत्र सातव्या फरकापर्यंत जातं.

मात्र क्षच्या किमती समान अंतरावर हव्यात आणि कोटीपेक्षा निदान दोन संख्या जास्त हव्यात. पाच संख्यांच्या तक्त्यात चौथा फरक एकच उरतो. त्याला स्थिर म्हणण्यात अर्थ नाही. कोड्यातला घोळ हाच. सहावी संख्या कोणतीही लिहा, त्या सहांना बसणारी पाचव्या किंवा कमी कोटीची बहुपदी असतेच. मोजक्या बिंदूंवरून वरच्या कोटीची वक्ररेषा ओढून केलेली भाकितं म्हणूनच फसवी ठरतात: रेषा प्रत्येक बिंदूतून तंतोतंत जाते आणि बिंदू संपले की भरकटते.

लांब तक्त्यात एखादी संख्या १ ने चुकली, तर चौथ्या फरकांत ती चूक १, −४, ६, −४, १ अशी पसरते. स्थिर फरकाच्या जागी अशी आलटून पालटून चिन्हं दिसली, की वरच्यासारख्या तक्त्यात ६ च्या स्थानाहून दोन घरं उजवीकडची मूळ संख्या तपासायची.