आवड ओळखणं वेगळं, आवड पेरणं वेगळं

अमेरिकेतल्या मेंथॉल सिगारेटचा (म्हणजे पुदिन्यातला गारवा देणारा पदार्थ घातलेल्या सिगारेटचा) विषय निघाला की एक वाक्य हमखास येतं: कृष्णवर्णीयांना मेंथॉल आवडतं, म्हणून कंपन्या त्यांना मेंथॉल विकतात. हे वाक्य उलटं आहे आणि ते ऐकून ऐकून वीट आला आहे.

गिऱ्हाइकाची आवड ओळखून माल ठेवणं सगळ्यांना ठाऊक आहे. आषाढीच्या आधी वाणी साबुदाणा जास्त मागवतो, तसंच. मागणी आधी, माल नंतर.

मेंथॉलच्या बाबतीत क्रम तपासा. ‘कूल’ ही सिगारेट 1933 मध्ये आली, तेव्हा तिची जाहिरात घसा धरलेल्यांसाठी, सर्दीवाल्यांसाठी होई. 1953 मध्ये फिलिप मॉरिस कंपनीने रोपर संस्थेकडून पाहणी करून घेतली. कूल ओढणारे गोऱ्यांत 2 टक्के निघाले, कृष्णवर्णीयांत 5 टक्के. मेंथॉल म्हणजे त्या काळी जवळपास कूलच. म्हणजे कृष्णवर्णीय धूम्रपान करणाऱ्यांतले शंभरातले पंच्याण्णव दुसरंच काहीतरी ओढत होते! त्यांच्यात मेंथॉलचं प्रमाण 1968 पर्यंत 14 टक्के झालं, 1976 पर्यंत 44, आणि आज ते 80 टक्क्यांच्या वर आहे. ‘त्यांच्या शरीरातच काही वेगळं असेल’ म्हणणाऱ्यांनी हे आकडे पुन्हा वाचावेत. तेवीस वर्षांत कुणाचं रक्त बदलत नाही. बदलली ती जाहिरात.

तीन टक्क्यांची ती फट कंपन्यांनी रुंद केली. ‘एबनी’सारख्या कृष्णवर्णीयांच्या मासिकांत पानंच्या पानं घेतली. 2 जानेवारी 1971 पासून टीव्ही-रेडिओवर सिगारेटची जाहिरात बंद झाली, तसे त्यांच्या वस्त्यांत फलक वाढले. 1975 पासून कूलच्या नावाने जॅझ महोत्सव भरू लागले. आणि सगळ्यात वाईट म्हणजे वस्तीत फुकट वाटलेली पाकिटं. मेंथॉल थंडी ओळखणाऱ्या मज्जातंतूंना चाळवतं. धूर गरमच असतो, पण गार वाटतो आणि ठसका कमी लागतो. साध्या सिगारेटचा पहिला झुरका खोकला काढतो आणि पुष्कळांचा प्रयोग तिथेच संपतो. मेंथॉल ती अडचणच काढून टाकतं. निकोटिन मात्र तेच. म्हणून फुकटचं पाकीट इथे पेरणीचं काम करत होतं.

दुसरी गल्लत ‘अपटाउन’ची. आर. जे. रेनॉल्ड्स कंपनीने ही सिगारेट उघडपणे कृष्णवर्णीयांसाठी म्हणून काढली आणि फिलाडेल्फियात विकून पाहायचं ठरवलं. हे गिऱ्हाईक पाकीट खालून फोडतं असं कंपनीला आढळलं होतं, म्हणून आत सिगारेटी उलट्या, फिल्टर खाली करून भरल्या! जानेवारी 1990 मध्ये आरोग्यमंत्री लुइस सलिव्हन जाहीरपणे तुटून पडले आणि माल बाजारात येण्याआधीच मागे घेतला गेला. इथे हा इतिहास संपला असं अनेक जण समजतात. पण अपटाउनची चूक कंपनीच्या दृष्टीने एवढीच की तिने गिऱ्हाइकाचं नाव घेतलं. न्यूपोर्ट, कूल, सेलम या मेंथॉल सिगारेटींनी तसं नाव घेतलं नाही आणि त्यांची विक्री चालू राहिली.

2009 च्या कायद्याने सिगारेटमधले फळांचे, लवंगेचे स्वाद बंद केले, मेंथॉल मात्र वगळलं. त्यावरच्या बंदीचा मसुदा 2022 मध्ये आला आणि जानेवारी 2025 मध्ये मागे घेतला गेला. त्या दरम्यान विरोधकांचा एक मुद्दा असा होता की ही कृष्णवर्णीयांच्या आवडीवर बंदी आहे. तेच उलटं वाक्य.