‘रमन राघव २.०’ म्हणजे रमन राघवची कहाणी नव्हे

२०१६ साली आलेला अनुराग कश्यपचा ‘रमन राघव २.०’ म्हणजे साठच्या दशकातल्या मुंबईतल्या खुन्याचं चरित्र, असं आजही सर्रास सांगितलं जातं. ते चूक आहे. हा सिनेमा रमन राघववर नाही, असं सुरुवातीलाच पडद्यावर लिहून येतं. गोष्ट घडते आजच्या मुंबईत. नवाजुद्दीन सिद्दीकीचा रमन्ना आणि विकी कौशलचा पोलीस अधिकारी राघवन ही दोन्ही पात्रं काल्पनिक आहेत. नावं नीट वाचा: खऱ्या खुन्याचं नाव दोघांत वाटून दिलंय. खुनी आणि पोलीस ही एकाच माणसाची दोन अर्धुकं आहेत, हेच दिग्दर्शकाला म्हणायचंय.

खऱ्या रमन राघवला ऑगस्ट १९६८ मध्ये फौजदार अ‍ॅलेक्स फियालो यांनी पकडलं. त्याचे बळी म्हणजे फुटपाथवर, झोपड्यांत झोपलेली गरीब माणसं. त्याला फासावर लटकवलं, हाही गैरसमजच. सत्र न्यायालयाने फाशी सुनावली होती, हे खरं. पण मानसोपचारतज्ज्ञांनी तपासून जुनाट स्किझोफ्रेनिया या मानसिक आजाराचं निदान केलं आणि पुढे १९८७ मध्ये उच्च न्यायालयाने शिक्षा जन्मठेपेवर आणली. १९९५ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात मूत्रपिंडाच्या विकाराने तो मेला.

सिनेमातल्या पोलिसाचं व्यसन आणि त्याने केलेले खून खऱ्या तपास अधिकाऱ्याच्या माथी मारणं तर सरळ अन्याय आहे. फियालो यांनी फोटो आणि वर्णनावरून संशयिताला रस्त्यात ओळखलं होतं.